सुट्टीचा अभ्यास

"डबा," फिरी म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

मी डबा छातीशी आणखी घट्ट धरला. झांबियाच्या राजधानीतून, लुसाकाहून, दिवसभर धुळीचा रस्ता तुडवून आम्ही त्या जंगलातल्या कॅम्पवर नुकते उतरलो होतो. समोर लुआंग्वा नदी, ऑक्टोबरच्या उन्हाने आटून अंग चोरून वाहणारी. तिच्या पाण्यात काळे धोंडे दिसत होते. त्यातल्या एका धोंड्याने जांभई दिली, तेव्हा ते पाणघोडे आहेत हे कळलं.

"आबा, द्या की तो," माझा मुलगा शरण म्हणाला. "इथला नियम आहे. तंबूत खायचं काही ठेवायचं नाही."

"अरे, शेंगापोळ्या आहेत नुसत्या. शेंगदाणे आणि गूळ."

"गूळ म्हटल्यावर तर झालंच. हत्तीला नदीपलीकडून वास येतो म्हणतोय तो."

फिरी आमचा वाटाड्या. पन्नाशीचा, शांत डोळ्यांचा माणूस. त्याने डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि इंग्रजीत विचारलं, "भुईमूग?"

"भुईमूग," मी म्हणालो.

"मग हत्तीच्या आधी मीच चोरीन," तो म्हणाला. स्वयंपाकाच्या तंबूत एक लोखंडी पेटी होती. डबा तिच्यात जाईल आणि रोज चहाच्या वेळी टेबलावर येईल, असं ठरलं.

माझी नात निली डबा पेटीत जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. दहा वर्षांची, दोन वेण्या, पाठीवर लाल दप्तर. सुट्टीला आली तरी दप्तर घेऊन आली होती. तिचं पूर्ण नाव नीलांबिका, पण शाळेच्या हजेरीखेरीज ते कुणी घेत नसे.

"मुली ब्वांजी?" फिरीने तिला विचारलं.

"आबा, ह्यांना मराठी येतं?" ती माझ्या कानात म्हणाली.

शरण हसला. "त्यांच्या भाषेत 'कशी आहेस' असं विचारतात तसं."

निलीने माझ्याकडे बघून विचारलं, "मग मी काय म्हणू, ते त्यांना विचारा ना."

'त्यांना' म्हणजे तिच्या बापाला. शरण हातभर अंतरावर उभा होता.

त्या संध्याकाळी निली हातपाय धुवायला गेली, तशी शरणने खुर्ची माझ्या खुर्चीला टेकवली.

"सांगितलंत?"

"आत्ता तर पोचलोय."

"विमानात एवढा वेळ होता."

"विमानात तिचे कान दुखत होते."

"आणि लुसाकाला?"

मी पाणघोड्यांकडे बघत राहिलो.

गोष्ट अशी होती. निली चार वर्षांची असताना शरणला लुसाकाला सिमेंटच्या कारखान्यात नोकरी लागली. पाठोपाठ सून राजश्री गेली. घर लागलं की सहा महिन्यांत पोरीला नेऊ, असं ठरलं होतं. त्या सहा महिन्यांची वर्षं झाली. आधी घर मिळेना, मग राजश्रीला दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम लागलं, मग निलीला बालदमा निघाला. माझी पत्नी महानंदा होती तोवर पोर तिच्या पदराखाली वाढली. ती गेल्यावर सोलापूरच्या घरात आम्ही दोघंच उरलो. वेणी घालायला मी शिकलो. शेजारच्या हत्तुरेबाईंकडून शेंगापोळी शिकलो. माझ्या पोळीच्या कडा जाड व्हायच्या. निली मधलं खायची आणि कडा माझ्या ताटात टाकायची.

आता माझ्या छातीत कळ येऊन गेली होती. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली होती. शरण-राजश्रीने मोठं घर घेतलं होतं, शाळा ठरवली होती. दिवाळीची सुट्टी संपली की मी एकटाच परत जायचं, हे आम्हा तिघांमध्ये पक्कं झालं होतं. ते योग्यच होतं. मुलं आईबापाजवळ वाढावीत, हे मीच आयुष्यभर पालकसभेत सांगत आलो.

फक्त निलीला ते माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, आपण फिरायला आलोय.

"तुम्ही शिकवलेलं तिला पटतं," शरण फोनवर म्हणाला होता. "आम्ही सांगितलं तर आम्ही पळवून नेणारे ठरू. तुम्हीच सांगा, आबा."

मी हो म्हटलं होतं. जन्मभर प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. वजाबाकीतला हातचा ज्याच्या डोक्यात शिरत नाही अशा पोरालासुद्धा मी चिंचोके घेऊन बसवत असे, आणि तो उठायचा तेव्हा त्याला हातचा आलेला असायचा. मुलांना काहीही समजावून सांगता येतं, उदाहरण तेवढं नेमकं हवं, असं माझं मत होतं. जंगलात उदाहरणांना काय तोटा?

दुसऱ्या दिवशी पहाटे फिरीने आम्हाला उघड्या गाडीतून नदीच्या कडेकडेने नेलं. पलीकडचा उभा कडा लाल दिसत होता. जवळ गेल्यावर तो लाल रंग उडाला. वेडे राघू होते ते, आपल्याकडच्यासारखेच, पण गुलालात बुडवून काढलेले. शेकडो. कड्यात त्यांची बिळं होती आणि प्रत्येक बिळाशी नुसती झुंबड.

मला वाटलं, हेच ते.

"निले, बघ," मी म्हणालो. "ह्या बिळांत आता पिल्लं वाढतील. पंखांत बळ आलं की काय करतील?"

"उडतील."

"आणि हे बीळ?"

"रिकामं."

"मग त्या बिळाला वाईट वाटेल का?"

निलीने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. मग पुढच्या सीटकडे वाकून तिने विचारलं, "फिरीकाका, हे पक्षी कुठं जातात?" तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं.

"लांब. पण पुढच्या वर्षी परत ह्याच नदीवर येतात," फिरी म्हणाला.

"परत येतात, आबा," तिने मला समजावून सांगितलं. माझा धडा तिथेच संपला.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बिबट्या झाडावर लोंबत्या शेपटीने झोपला होता, गाडीतले सगळे श्वास रोखून बघत होते, आणि मी त्या बिबट्यात दाखला शोधत होतो. जिराफाचं पिल्लू दिसलं, तर ते अजून आईच्या पायात. माकडीण दिसली, तर पोराला पोटाशी घट्ट धरून बसलेली. एकही जनावर माझ्या मदतीला येईना. रात्री अंथरुणावर पडलं की उद्या नक्की, असं ठरवायचं आणि उजाडलं की निलीला पुढे करून दुर्बीण डोळ्यांना लावायची.

तिसऱ्या दिवशी हत्तींचा कळप नदी ओलांडताना दिसला. पुढे एक थोराड हत्तीण, कान फाटलेला, गालफडं बसलेली. तिने सोंड पाण्यात घालून पाहिली आणि मगच पाय टाकला. मागे बाकीच्या. मध्ये पिल्लं.

"ती आजी," फिरी म्हणाला. "सगळा कळप तिच्या शब्दावर चालतो."

मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण निली पुढे गेली होती. "पिल्लं मोठी झाली की जातात?"

"नर जातात. माद्या नाही. लेकी, नाती, सगळ्या जन्मभर आजीबरोबर."

"आणि आजोबा?"

"म्हातारे नर? ते बहुतेक एकटे फिरतात. आमच्या कॅम्पला एक आहे. म्फूमू म्हणतो आम्ही त्याला. म्हणजे गावचा मुख्य."

"पाटील," शरण म्हणाला.

निली हसली. बापाच्या बोलण्यावर हसलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली. राजश्रीनेही ते पाहिलं आणि पटकन नदीकडे तोंड फिरवलं.

पाटील त्याच दिवशी दुपारी दर्शन देऊन गेले. एक सुळा अर्धा मोडलेला, कपाळाला खड्डे पडलेले. आम्ही चहा घेत होतो, त्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर तो झाडाची लांबलचक फळं सोंडेने उचलून खात उभा राहिला. फिरीने आवाज खाली आणून आम्हाला सांगितलं, "जवळ आला तर ओरडायचं नाही, पळायचं नाही. बसल्या जागी बसायचं. त्याला जे हवं ते घेऊन तो जातो."

"आणि जे हवं ते आपलं असलं तर?" निलीने विचारलं.

"तर ते त्याचं झालं."

चहाबरोबर डबा आला. मी झाकण उघडलं आणि माझ्या कपाळाला आठी पडली.

"पोळ्या भराभर संपल्या की."

"मी एकच घेतली, आबा," राजश्री म्हणाली.

मी शरणकडे बघितलं. लहानपणी फळीवरच्या डब्यातून लाडू पळवायचा आणि वरचा थर तसाच रचून ठेवायचा, हे मी विसरलो नव्हतो.

"माझ्याकडे काय बघता? मला आता दोन पोरांच्या बापाएवढं पोट सुटलंय, मी गोड सोडलंय."

"दोन पोरांच्या? तुला एकच आहे."

"तेच म्हणतो मी, पोट जास्तीचं झालंय. बबूनच्या नावावर टाका, आबा. माकडं सोलापूरची झाली असतील."

निली हसली नाही. तिने आपल्या वाटची पोळी रुमालात घेतली. "नंतर खाते," म्हणाली आणि तंबूकडे गेली. तिला हल्ली भूकच कमी लागते, असं राजश्री म्हणाली. हवा बदलली की होतं तसं, असं मी म्हणालो.

शेवटची दुपार आली. दुसऱ्या दिवशी सकाळी लुसाकाला निघायचं आणि त्याच्या पुढल्या दिवशी माझं विमान. उन्हाने नदीवरची हवा थरथरत होती. जेवून सगळे आपापल्या तंबूत पडले होते. मी काही पडलो नाही. नदीकाठच्या झाडाखाली इकडून तिकडे चकरा मारत होतो. पायाखालचा पाला एवढा वाजत होता, की मगरीसुद्धा वैतागल्या असतील.

राजश्री आली. ती बसली नाही, उभीच राहिली.

"आबा, काल मी तिची वेणी घालायला गेले. ती म्हणाली, राहू दे, आबा घालतात."

"सवय आहे गं तिला."

"माहीत आहे. तुम्हाला दोष देत नाही मी. तुम्ही नसता तर…" तिने पदर नसलेल्या खांद्यावर हात फिरवला, जुन्या सवयीने. "पण मी तिची आई आहे. ती मला पाणी मागताना 'प्लीज' म्हणते. परक्या घरी आल्यासारखी. विमानतळावर तुम्ही एकटे आत जाल आणि तिला तिथं कळेल, असं नका करू. ती ते जन्मभर माझ्या नावावर लिहील."

"आज सांगतो."

"काल पण म्हणालात."

"आत्ता सांगतो," मी म्हणालो आणि तंबूकडे निघालो.

तंबूत दोन लोखंडी खाटा होत्या. एकीवर निली पालथी पडून पाय हलवत होती. तिचं दप्तर खाटेखाली, अगदी आत भिंतीला लावून. दाराची चेन मी अर्धीच ओढली, वारा यावा म्हणून. समोरच्या खाटेवर बसलो.

"निले."

"हं."

"तुला एक सांगायचंय."

तिचे पाय हलायचे थांबले. ती उठून बसली, गुडघे जवळ घेतले.

"पक्ष्यांचं?"

"नाही."

"हत्तींचं?"

"नाही गं. आपलं."

"मग नका सांगू," ती म्हणाली.

मी पुढचं वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात जाळीच्या खिडकीतून येणारा उजेड गेला. ढग आला म्हणावं तर बाकी सगळीकडे ऊन. कापडाच्या भिंतीला बाहेरून काहीतरी घासत गेलं, गोणपाट दगडावर ओढावं तसा आवाज. मग पोटातून निघालेली घुरघुर. ती कानाला कमी आणि खाटेच्या लोखंडाला जास्त ऐकू आली.

"पाटील," निली ओठातल्या ओठात म्हणाली.

अर्ध्या उघड्या चेनमधून सोंड आत आली. सोंडेच्या टोकाला दोन बोटं असतात आफ्रिकेतल्या हत्तीच्या. आपल्याकडच्याला एकच. हे मी तिसरीच्या वर्गाला फळ्यावर चित्र काढून सांगत असे. ती दोन बोटं माझ्या चपलांवरून फिरली. माझ्या गुडघ्याशी आली, ओलसर गरम फुंकर मारली, माझं धोतर जरासं उचलून खाली टाकलं. मी तिच्या लेखी कामाचा नव्हतो. मी हाताने निलीला खूण केली. हलू नकोस.

सोंड वळली आणि एकदाही न चुकता निलीच्या खाटेखाली गेली. दप्तराचा बंद धरून तिने ते बाहेर ओढलं.

निलीने झडप घालून दुसरा बंद पकडला.

"निले! सोड!"

"नाही."

"अगं, सोड म्हणतो ना!"

"माझं आहे ते."

आम्ही दोघं कुजबुजत होतो. एवढ्या भीतीतही मुलीने आवाज चढवला नाही, हे मला आज आठवतं. फिरीने सांगितलेलं तिच्या पक्कं ध्यानात होतं. सोंडेने जरा जोर लावला. निली खाटेवरून सरकत खाली गुडघ्यांवर आली. खाट मागे कलंडली.

"निले, तो ओढत नेईल तुला."

"ह्यात पोळ्या आहेत."

"कसल्या पोळ्या?"

"आपल्या. सगळ्या साठवल्यात मी."

"मी दुसऱ्या करून देतो, बाळ. सोड."

"कधी?" तिने माझ्याकडे मान वळवली. डोळे कोरडे होते. "परवा तर तुम्ही जाणार."

बाहेर पाटील एक पाऊल मागे सरकला. दप्तर दाराकडे गेलं, त्याच्याबरोबर निली. तिचा गुडघा लाकडी जमिनीवर खरवडला. मी खाली बसलो आणि तिच्या मुठीवर हात ठेवला. पेन्सिल कशी धरायची ते त्या बोटांना मीच शिकवलं होतं. दोन बोटं आणि अंगठा, घट्ट नाही, सैल नाही. आता मी एकेक बोट उघडत गेलो. तिने प्रतिकार केला, पण मी ओढलं नाही. उघडलेलं बोट मी माझ्या हातात धरून ठेवत होतो.

"सोड, बाळ," मी म्हणालो. "जाऊ दे त्याला."

शेवटचं बोट सुटलं. दप्तर दारातून उन्हात गेलं.

फिरी गाडी घेऊन येईपर्यंत पाटील चार पावलांवर उभा राहून शांतपणे जेवत होता. दप्तर उलटं धरून त्याने झटकलं. कंपासपेटी पडली, एक मोजा पडला, आणि रुमालांत, कागदांत बांधलेल्या पुरचुंड्या पडल्या. एकेक पुरचुंडी तो रुमालासकट तोंडात टाकत होता. फिरीने गाडीच्या दारावर थापा मारल्या, इंजिन दोनदा गुरगुरवलं. पाटलाने कान हलवले. खाणं पूर्ण केलं, मग आपली जायची वेळ झाल्यासारखा नदीकडे चालू लागला.

शरण अनवाणी धावत आला. त्याच्या मागे राजश्री. तिने आल्या आल्या निलीला कवटाळलं. निली ताठ उभी राहिली. मग हळूहळू तिची मान राजश्रीच्या खांद्यावर पडली.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं. आम्ही तंबूच्या पायरीवर बसलो होतो. फिरीने औषधांची पेटी आणली होती आणि राजश्री तिचा गुडघा पुसत होती.

"कुणी नाही."

"पप्पांनी? मम्मीने?"

निलीने मान हलवली. "तुम्ही सुट्टीचा अभ्यास दिला नाही."

मला आधी समजलंच नाही.

"दर सुट्टीत तुम्ही देता," ती म्हणाली. "मागच्या दिवाळीत पाढे दिले होते. उन्हाळ्यात झाडांची पानं गोळा करायला लावली. गणपतीच्या चार सुट्ट्यांतसुद्धा शुद्धलेखन. ह्या वेळी नाही दिला. मी मुद्दाम दप्तर आणलं, तरी नाही. मला वाटलं विसरलात. पण तुम्ही कधी विसरत नाही." ती सोललेल्या गुडघ्याकडे बघत म्हणाली, "मागच्या वर्षी आमच्या वर्गातली रेवती पुण्याला गेली ना, तेव्हा बाईंनी फक्त तिलाच अभ्यास दिला नव्हता. ज्यांना परत येऊन दाखवायचा नसतो त्यांना देत नाहीत."

शरण खाली बघत होता.

"मग विचारलं का नाहीस मला?"

"तुम्ही सांगणारच होता की. मी वाट बघत होते. पण तुम्ही दर वेळी पक्षीच दाखवायचात."

फिरीला मराठी येत नव्हतं. तरी तो उठून गाडीचा आरसा पुसायला गेला.

"आणि पोळ्या कशाला साठवल्यास?" राजश्रीने विचारलं.

"रोज थोडी थोडी खाल्ली असती. पुरवून पुरवून." मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "मी कडासुद्धा टाकल्या नव्हत्या, आबा."

पाण्यात पाणघोडे एकमेकांवर गुरगुरत होते. निलीने राजश्रीच्या ओढणीला नाक पुसलं, कुणाची ओढणी आहे हे न बघताच.

"मग आता द्या," ती म्हणाली.

"काय?"

"अभ्यास."

मी आयुष्यात इतका वेळ एका प्रश्नापुढे बसलो नसेन. निबंध द्यावा, तर ती एका तासात लिहून मोकळी होईल. पाढे तिला सगळे येत होते. तिला पुरून उरेल असं काहीतरी हवं होतं.

"शेंगापोळी," मी म्हणालो. "शेंगदाणे इथं भरपूर आहेत. गूळ मी पाठवतो. तू करायला शिकायची. एप्रिलच्या सुट्टीत सोलापूरला येऊन दाखवायची. मी तपासणार."

"कडा पातळ हव्यात?"

"एकदम पातळ."

"पण मला शिकवणार कोण?"

मी काही बोलायच्या आत राजश्री म्हणाली, "मलाही येत नाहीत. आबा, हा अभ्यास मलापण द्या."

निलीने आईकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. नव्या मुलीला आपल्या बाकावर बसू द्यावं की नाही, हे ठरवताना पोरं बघतात तसं.

"तुला कणीक तरी मळता येते का?" तिने विचारलं.

"येते की."

"मग चालेल," ती म्हणाली.

विमानतळावर ती रडली नाही. मला रडायला वेळ मिळाला नाही, कारण तिच्या दोन्ही वेण्या वेगवेगळ्या उंचीवर होत्या. सकाळी राजश्रीने घातल्या होत्या. ते बघून माझे हात शिवशिवत होते. मी ते बंडीच्या खिशात घालून ठेवले आणि तसाच आत गेलो.

एप्रिलात, सोलापूर तव्यासारखं तापलेलं असताना, ती दारात उभी राहिली. उंच झाली होती. वेण्या सरळ होत्या. चपला काढायच्या आधी तिने डबा माझ्यापुढे ठेवला.

"तपासा."

मी चष्मा लावला. पोळी उन्हात धरून बघितली. एक घास खाल्ला. मग कडेचा तुकडा मोडून तो वेगळा खाल्ला. ती श्वास धरून उभी होती. तिच्यामागे राजश्रीही.

"सारण चांगलं आहे," मी म्हणालो. "पण कडा जाड. पुन्हा करावं लागेल."

"कधी दाखवू?"

"पुढच्या सुट्टीत."

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. निली डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, केस कापलेत, वेण्यांचा प्रश्न मिटला. सुट्टी लागली की डबा घेऊन येते आणि दारातच म्हणते, "तपासा." मी चष्मा लावतो, पोळी उजेडात धरतो आणि सांगतो, कडा जाड आहेत.

खरं तर त्या कधीच्या पातळ झाल्या आहेत. मी तिला अजून सांगितलेलं नाही. तिला ते माहीत असणार.